जोडलेले गांडूळ

वाटणीवरून सहा वर्षे अबोला धरलेला धाकटा भाऊ यंदा अमेरिकेहून मलकापूरला आला, तो मऊ प्लॅस्टिकची गांडुळे घेऊन! १९४९ साली ओहायोतल्या अॅक्रन गावच्या निक क्रीम नावाच्या गृहस्थांनी बास माशासाठी अशी गांडुळे बनवली. आमच्या कोयनेत बास कुठला? पण मरळ तरी फसेल, ही त्याची आशा.

चार दिवस आम्ही काठावर बसलो. बोललो ते माशांविषयीच. गळाने गांडुळांची डोकी फाटली. ‘टाकून दे, दादा,’ म्हणून तो गेला.

मला टाकवेना. जुन्या लुगड्यांची वाकळ शिवणाऱ्या आईचा मी मुलगा! फाटके डोके कापून गळ जरा खाली टोचला. गांडूळ आखूड झाले, पण कामाचे. दोन तुकड्यांची तोंडे तापल्या सुरीला टेकवली आणि चिकटवली. खिडकी मात्र उघडी ठेवावी, धूर वाईट. नदीत फेकलेले हे गांडूळ कुजत नाही. माशाने गिळले तर पोटात फुगून अडकते.

हे सारे भावाला कळवले. उत्तर एका ओळीचे आले : ‘दादा, पुढच्या वर्षी नवी आणत नाही.’

म्हणजे येणार आहे!