पोहे आणि पोहणं

आठवीच्या वर्गाला मी मराठी शिकवते. शाळा उर्दू माध्यमाची. मुलं साकीनाका, जरीमरी, असल्फा या भागांतली. कुणाच्या घरी दखनी बोलतात, कुणाच्या घरी भोजपुरी, एखाद्या घरी माझ्यासारखी कोकणी. मराठी त्यांना भेटते ती बेस्टच्या बसवर आणि परीक्षेत. त्यामुळे पाठ संपला की मी वर्तमानपत्रातलं एखादं कात्रण वाचून दाखवते. पुस्तकातल्या मराठीला मुलं घाबरतात, बातमीतल्या मराठीला तेवढी घाबरत नाहीत.

त्या दिवशी कात्रण होतं दत्तू भोकनळचं. जुनंच, मी जपून ठेवलेलं. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातलं तळेगाव रोही हे त्याचं गाव. दुष्काळी मुलूख. 2012 मध्ये तो सैन्यात गेला, तिथे नाव वल्हवायला शिकला. सुरुवातीला त्याला पाण्याची भीती वाटायची. चार वर्षांनी, 2016 मध्ये, तो रिओ ऑलिंपिकमध्ये एकट्याच्या नावेत बसला आणि तेरावा आला. 2018 मध्ये इंडोनेशियातल्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नावेतून त्याने सुवर्णपदक आणलं.

'वल्हं' हा शब्द फळ्यावर लिहिला. "म्हणजे चप्पू," मी सांगितलं. या खेळात माणूस नाव जिकडे जाते तिकडे पाठ करून बसतो, हे ऐकून वर्ग खूश झाला. बैठक पुढेमागे सरकते, खरा जोर हातांचा नसून पायांचा असतो, हेही सांगितलं. तेवढ्यात दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली. मराठीच्या तासाला मराठीतच बोलायचं, असा माझा नियम. तिने शब्द जुळवले आणि विचारलं, "टीचर, तुम्हाला पोहे येते?"

वर्ग हसला. मीही हसले. "पोहे करता येतात. पोहता येत नाही," मी म्हटलं. पोहे आणि पोहणं यांतला फरक फळ्यावर समजावला. ती खाली बसली नाही. "मग टीचर, बुडाली तर?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तास संपल्याची घंटा झाली आणि मी सुटले.

2005 साली आम्ही जरीमरीला, मिठी नदीपासून फार लांब नसलेल्या एका चाळीत तळमजल्यावर राहत होतो. मी सोळा वर्षांची, नुकतीच अकरावीला प्रवेश घेतलेली. 26 जुलैला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस मोजला गेला, हा आकडा पुढे सगळ्यांना पाठ झाला. त्या संध्याकाळी आम्हाला आकडा माहीत नव्हता. पाणी उंबऱ्यावर होतं, मग शेगडीवर आलं, मग पलंगावर. अब्बांनी आम्हाला वरच्या मजल्यावर पाठवायला बाहेर काढलं. गल्लीतल्या उघड्या गटाराचा अंदाज आला नाही आणि माझा पाय गेला. किती वेळ पाण्याखाली होते, कुणास ठाऊक. घरचे म्हणतात दोन क्षण. शेजारच्या एका मुलाने ओढणी धरून वर खेचलं. ओढणीची गाठ पक्की होती म्हणून मी वाचले आणि त्याच गाठीने माझा गळा दोन दिवस सुजला होता.

त्यानंतर डोक्यावरून पाणी घेणं मला जमलं नाही. केस धुताना मान मागे टाकून, चेहऱ्यावर थेंब येऊ न देता धुवायचे. वुजू करताना पाच वेळा मी नाकात पाणी घेई, चेहऱ्यावरून ओंजळ फिरवी, पण दरवेळी श्वास रोखून. हे कुणाला कळायचं कारण नव्हतं. मलाही ते वेगळं वाटेनासं झालं होतं. एका रविवारी सात वर्षांच्या मुलीला न्हाऊ घालताना पाहिलं. ती डोळे गच्च मिटून, मान मागे टाकून, श्वास रोखून बसली होती. हुबेहूब माझ्यासारखी. तिने पूर पाहिलेला नव्हता. तिने मला पाहिलं होतं.

वर्गातल्या मुलीचा प्रश्न आणि घरातल्या मुलीची मिटलेली डोळ्यांची जोडी, या दोन्हींनी मिळून मला उठवलं.

आधी वाटलं, दत्तूसारखं वल्हवायलाच शिकावं. माझे आजोबा जहाजावर खलाशी होते, रक्तात काहीतरी असेल. चौकशी केली. घराजवळचं पाणी म्हणजे पवईचा तलाव. त्यात जलपर्णी आणि मगरी. पुण्यात अभियांत्रिकी महाविद्यालयाचा जुना बोट क्लब आहे, पण तो विद्यार्थ्यांचा. शिवाय नाव शिकायला कुठेही जा, पहिला प्रश्न एकच: पोहता येतं का? थोडक्यात, आठवीतली ती मुलगी तिथेही दारात उभी होती.

मग पालिकेच्या जलतरण तलावांकडे वळले. अंधेरीचं शहाजीराजे क्रीडासंकुल, मुलुंडचं प्रियदर्शिनी, कांदिवलीचा सरदार पटेल तलाव, चेंबूरचा ऑलिम्पिक तलाव. उपनगरांत एवढे तलाव आहेत हे मला पस्तिसाव्या वर्षी कळलं. 2024 च्या उन्हाळी सुट्टीत यांपैकी एका ठिकाणी एकवीस दिवसांचा प्रशिक्षणवर्ग होता, बायकांची तुकडी वेगळी. मी अर्ज आणला.

शौहरांनी अर्ज वाचला, डॉक्टरच्या दाखल्याचा रकाना पाहून म्हणाले, "हे मी करून आणतो." स्टाफरूममध्ये मात्र चर्चा झाली. एक सहकारी म्हणाल्या, "या वयात? लोक काय म्हणतील?" आमच्या दीनियातच्या वयस्कर सरांनी चष्म्यावरून पाहिलं. मुलांना पोहणं, तिरंदाजी आणि घोडेस्वारी शिकवा, असं हजरत उमर यांच्या नावाने सांगितलं जाणारं वचन त्यांनी ऐकवलं. "त्यात घोडा आणि बाण दोन्ही महाग. पोहणंच परवडेल," असं म्हणून ते पेपर तपासू लागले.

खरी धास्ती सासूबाईंची होती. त्या बाणकोट खाडीकाठच्या. पानाचा डबा पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. "पान्यात उतरशील ती उतरशील," त्या म्हणाल्या, "भाहेर कशी येशील? कापड अंगाला चिकटतं." मला वाटलं होतं त्या धर्माचं काही बोलतील. त्यांनी शिवणकामाचं बोलणं काढलं. पुढच्या तीन दिवसांत दोन जुने पंचे जोडून त्यांनी पायघोळ झगा शिवला, टोपीसकट. पाण्याबाहेर पाऊल पडताच खांद्यावर टाकायचा.

पोशाख मी पूर्ण अंगाचा मागवला होता. 2016 च्या ऑगस्टमध्ये, दत्तू रिओच्या पाण्यात होता त्याच महिन्यात, फ्रान्समधल्या काही किनाऱ्यांवरच्या शहरांनी अशाच पोशाखावर बंदी घातली होती. त्यातल्या एका गावाची बंदी तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने महिनाअखेरीला स्थगित केली. तेव्हा ती बातमी मी लांबून वाचली होती. पहिल्या दिवशी खिडकीवरच्या माणसाने माझी पिशवी पाहून "असलं चालत नाही" म्हटलं, तेव्हा ती बातमी एकदम जवळ आली. मी परत फिरणार होते. मागून प्रशिक्षक मॅडम आल्या. त्यांनी बाहीचं कापड चिमटीत धरून ताणलं. "लायक्रा आहे ना? मग चालेल. सुती असतं तर मीच परत पाठवलं असतं." सुती कापड पाणी पितं, जड होतं, माणसाला खाली ओढतं आणि त्याचे धागे गाळणीत अडकतात. एवढाच नियम होता. चोळीबांगडीच्या दुकानात होतो तसा दोन मिनिटांत निकाल लागला.

तुकडीत चौदा बायका होत्या. बँकेतून निवृत्त झालेल्या एक बाई, गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी धाडलेल्या घाटकोपरच्या एक गुजराती बेन, रात्रपाळी संपवून येणारी परिचारिका, लग्न ठरलेली एक मुलगी. बेन पहिले दोन दिवस माझ्या बाह्यांकडे बघत होत्या. तिसऱ्या दिवशी जवळ येऊन कुजबुजल्या, "कुठून घेतला? मेच्या उन्हाने माझे हात काळे पडले." आठवडाभरात आमच्या तुकडीत पूर्ण बाह्यांचे तीन पोशाख झाले. दोन उन्हासाठी, एक माझा.

पहिला आठवडा हातपाय मारायचे नव्हतेच. उथळ पाण्यात कठडा धरून उभं राहायचं, तोंड पाण्यात घालायचं आणि हवा सोडायची. "रोखू नका, नाकातून सोडा," मॅडम ओरडायच्या. बाकीच्यांचे बुडबुडे निघू लागले. माझा चेहरा पाण्याला टेकला की गल्ली दिसे, गटार दिसे, गळ्याशी ओढणी आवळे. चार दिवस मी हनुवटीपर्यंतच गेले. त्या चार रात्री लाजेने झोप आली नाही. पाचव्या दिवशी पहाटे फजरच्या वुजूला बसले. नाकात पाणी घेतलं आणि ते बाहेर टाकताना लक्षात आलं, नाकातून सोडणं म्हणजे हेच तर आहे. लहानपणापासून करते आहे. त्या दिवशी तलावावर मी मनात मोजलं, एक, दोन, तीन, जसं वुजूत मोजतात. तिसऱ्या वेळी चेहरा पूर्ण पाण्यात होता आणि कानाशी बुडबुड आवाज येत होता. तो माझाच होता.

पुढचं सोपं नव्हतं, पण समजण्यासारखं होतं. छातीत हवा असली की शरीर तरंगतं. भीतीने मुंडकं वर काढलं की पाय खाली जातात. म्हणजे माणूस जगायला जी धडपड करतो, तीच त्याला खाली नेते. हे मॅडमनी एका वाक्यात सांगितलं, मला पटायला दहा दिवस लागले. मध्ये दोन दिवस बुडाले ते निवडणुकीच्या ड्युटीत. 20 मेला मुंबईत मतदान होतं आणि शिक्षक कुठेही असला तरी मतदान यंत्राजवळ सापडतो. परत आले तर पाण्यात फळीवर पाय मारायला शिकलेल्या बायका फळी सोडून पुढे गेल्या होत्या. निवृत्त बाईंनी माझ्यासाठी कोपऱ्यातली फळी राखून ठेवली होती.

एकविसाव्या दिवशी मी तलावाची रुंदी ओलांडली. लांबी नव्हे, रुंदी. तीही मध्ये एकदा उभी राहून. खोल पाण्याकडची दोरी मला अजून लांबच होती. पलीकडच्या कठड्याला हात लागला तेव्हा नाकात पाणी गेलेलं, डोळे क्लोरीनने लाल. झगा अंगावर टाकून मी पायऱ्यांवर बसले आणि बराच वेळ उठले नाही.

शाळा सुरू झाली. संयुक्त राष्ट्रांनी 2021 मध्ये 25 जुलै हा बुडण्यापासून बचावाचा जागतिक दिवस ठरवला. आमच्या 26 जुलैच्या आदला दिवस. त्या दिवशी मी मराठीचा तास पाण्यावर घेतला. जगात वर्षाला तीन लाखांच्या आसपास माणसं बुडून मरतात. सहा वर्षांपुढच्या मुलांना पोहण्याचं प्राथमिक शिक्षण द्यावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमच्या मुलांसाठी पाणी म्हणजे पावसाळ्यातला जुहू-आक्साचा किनारा. तिथे सहलीला गेलेल्या मुलांची बातमी दर वर्षी येते. "मित्र बुडत असेल तर उडी मारायची नाही," मी फळ्यावर लिहिलं. "दोरी फेका, ओढणी फेका, झाकण लावलेला रिकामा कॅन फेका. मोठ्यांना हाका मारा." ओढणी हा शब्द लिहिताना हात जरा थांबला.

दुसऱ्या बाकावरची ती मुलगी आता नववीत गेली होती. मधल्या सुट्टीत दारात आली. या वेळी वाक्य बरोबर होतं. "टीचर, तुम्हाला पोहता येतं?"

"रुंदीपुरतं," मी म्हटलं. तिने अर्ज कुठे मिळतो ते विचारलं. स्वतःसाठी नाही, दोघींसाठी. तिची अम्मी खाली फाटकाशी उभी होती.

घरी त्या रात्री हे सांगत होते. मुलगी न्हाणीघरात बादलीत तोंड घालून बुडबुडे काढत होती आणि तिला बाहेर काढणं हे नवं काम झालं होतं. सासूबाई सुपारी कातरत ऐकत होत्या. मध्येच म्हणाल्या, "तिथलं पानी गोडं का खारं?"

"गोडं. औषध घातलेलं."

"मंग कठीन शिकलीस. खारं पानी मानसाला वर धरतं."

मी त्यांच्याकडे पाहत राहिले. तिसऱ्या वेचायला त्या ओहोटीला कमरेपर्यंत खाडीत जायच्या, एवढं मला माहीत होतं. त्या रात्री कळलं की बारा वर्षांच्या होईपर्यंत त्या भावाबरोबर या काठावरून मधल्या वाळूच्या बेटापर्यंत पोहत जात. मग मोठ्या झाल्या आणि ते बंद झालं. कुणी रागावलं नाही, कुणी फतवा काढला नाही. फक्त एका दिवशी भाऊ एकटा गेला. पन्नास वर्षांत ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती, कारण कुणी विचारलंच नव्हतं. मीही नाही.

"अम्मी, अजून येत असेल?"

त्यांनी अडकित्ता डब्यात ठेवला. "मे महिन्यात गावाला चल. ओहोटीला नको, पानी भाहेर ओढतं. भरती थांबते ना, तेव्हा. आनि तो झगा घे. दोन."