साक्षीला कोणी आलं नाही

विभागीय चौकशीच्या दिवशी माझ्या बाजूने बोलायला तिघे येणार होते. तिघेही लेखा शाखेतले, वीस वर्षं एका टेबलावर माझ्यासोबत डबे उघडणारे. एकाच्या मुलीला ताप आला, दुसऱ्याला अचानक गावी जावं लागलं, तिसऱ्याने काही कळवलंच नाही. चौकशीतून पुढे काही निघालं नाही, प्रकरण मिटलं. मी मात्र खातं उघडंच ठेवलं. जन्माचा हिशेबनीस; कोणाच्या नावे काय पडलंय ते निवृत्तीनंतरही तारीखवार सांगितलं असतं.

त्या दिवशी खोलीबाहेरच्या बाकावर आमचे शिपाईकाका तेवढे संध्याकाळपर्यंत बसून होते. त्यांची साक्ष कोणी मागितली नव्हती. विचारलं तर म्हणाले, ‘‘पाणी लागलं तर?’’ नगर जिल्ह्यातलं ख्रिस्ती घर त्यांचं. निवृत्त होताना त्यांनी आपला जुना ‘नवा करार’ माझ्या हाती ठेवला. त्यातल्या एका पानाचा कोपरा दुमडलेला होता: तीमथ्याला दुसरं पत्र, अध्याय चौथा.

हे पत्र प्रेषित पौलाचं, सहकारी तीमथ्याला लिहिलेलं, रोममधल्या कैदेतलं. ते पौलाच्या शिष्याने त्याच्या नावाने लिहिलं असावं, असं मानणारे अभ्यासक पुष्कळ आहेत. असतीलही त्यांची कारणं भक्कम. पण कैदी मरणाबद्दल लिहीत असतो आणि मध्येच त्याला आठवतं की त्रोवसात कार्पाच्या घरी आपला झगा राहिला आहे, तो येताना आणावा. पुस्तकं, आणि विशेषतः चर्मपत्रंही आणावीत. आणि हिवाळ्याच्या आत यावं. थंडी वाजणाऱ्या माणसाचं हे पत्र आहे, एवढं मला पुरतं.

त्यात पौल नावं घेऊन सांगतो. देमास संसाराच्या मोहाने सोडून थेस्सलनीकाला गेला. हाच देमास कलस्सैकरांस आणि फिलेमोनाला लिहिलेल्या पत्रांत पौलाच्या सोबत्यांमध्ये आहे, लूकच्या जोडीने. आता लूक एकटाच उरलाय. आणि मग तो पहिल्या सुनावणीची गोष्ट सांगतो: आपल्या बाजूने उभं राहायला कोणी आलं नाही, सगळे सोडून गेले. याच्या पुढचं वाक्य वाचताना मी चष्मा काढून पुसला. हे त्यांच्याकडे मोजलं जाऊ नये, अशी तो प्रार्थना करतो. मूळ ग्रीक क्रियापद हिशेबातलं आहे, आमच्या भाषेत ‘नावे टाकणं’. करिंथकरांना प्रेमाविषयी लिहिताना, प्रेम अपकाराची नोंद ठेवत नाही असं सांगायला, पौलाने हेच क्रियापद वापरलं आहे.

हिशेबनिसाला इथली बारकी गोष्ट दिसते. तो नोंद खोडत नाही. कोणी आलं नाही हे तो पांढऱ्यावर काळं करून लिहितो; त्यांची अडचण असेल, ताप आला असेल, अशी सारवासारव करत नाही. रक्कम खरी आहे, फक्त ती त्यांच्या नावे पडू नये. मला तोवर वाटायचं, माफ करायचं म्हणजे झालंच नाही असं धरून चालायचं. ते मला कधी जमलं नसतं.

हे तो शिकला कुठे? नव्या करारातल्याच ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात ख्रिस्ताचा अनुयायी स्तेफन याला दगडमार होते तेव्हा साक्षीदार आपले झगे एका तरुणाच्या पायाशी ठेवतात. तो तरुण शौल, म्हणजे पुढचा पौल. स्तेफन गुडघे टेकून मारणाऱ्यांसाठी, हे पाप त्यांच्यावर ठेवू नकोस, अशी प्रार्थना करतो. झगे सांभाळणाऱ्याच्या कानावर ते पडलं असणारच. त्या दिवशी त्याच्यावर परिणाम झालेला दिसत नाही. लगेच पुढच्या अध्यायात तो घराघरांतून माणसं ओढून तुरुंगात टाकतोय. पण ऐकलेलं राहतं. म्हाताऱ्या कैद्याच्या तोंडी जवळपास तीच प्रार्थना आली आहे.

सगळ्यांना सारखीच सूट मिळते असंही नाही. आलेक्सांद्र तांबटाने फार वाईट केलं, त्याचं फळ प्रभू त्याला देईल, तूही जपून राहा, असं तो तीमथ्याला बजावतो. भिऊन लपलेला मित्र आणि मुद्दाम घाव घालणारा माणूस यांची खाती त्याने एकत्र केली नाहीत. मला हे संतपणापेक्षा जास्त पटतं.

आणि मार्क. पौल आणि त्याचा सोबती बर्णबा यांच्या पहिल्या प्रचारप्रवासात हा मार्क पंफुल्यातूनच माघारी फिरला होता. पुढच्या वेळी बर्णबा त्याला घेऊ म्हणाला, पौल नको म्हणाला, आणि दोघा जिवलगांत इतकं कडाक्याचं वाजलं की ते वेगळे झाले. बर्णबा मार्कला घेऊन कुप्राला गेला, पौलाने सीलाला बरोबर घेतलं. म्हणजे उमेदीतल्या पौलाला हे जमलं नव्हतं. आता शेवटच्या पत्रात तो लिहितो, येताना मार्कला घेऊन ये, तो मला सेवेसाठी उपयोगी आहे. ‘क्षमा केली’ हा शब्दही नाही. काम सांगितलं आहे.

गेल्या महिन्यात मी मृत्युपत्राचा मसुदा केला. वकीलबाई म्हणाल्या, दोन साक्षीदार लागतील, तुम्हाला ओळखणारे. एक नाव शिपाईकाकांचं लिहिलं. दुसऱ्या ओळीत त्या तिसऱ्याचं नाव लिहून ठेवलं आहे, ज्याने काहीच कळवलं नव्हतं. फोन अजून केलेला नाही. सहीची तारीख गुरुवारची आहे.