सोलापूरच्या प्रशाला : नॉर्थकोटपासून पूर्वभागापर्यंत

पुण्याहून सोलापूरकडे जाणारा लोहमार्ग दौंड मागे टाकल्यावर भीमेच्या खोऱ्यातून, उजनीच्या फुगवट्याची कड धरून, भिगवण, जेऊर, कुर्डुवाडी, माढा आणि मोहोळ अशी स्थानके घेत आग्नेयेकडे जातो. आणि जसजशी जमीन काळी व आभाळ कोरडे होत जाते, तसतसे हे शहर या भागातच का वाढले याचे कोडे प्रवाशाला अधिक जाणवू लागते. नदी दूर, पाऊस बेभरवशाचा, दुष्काळाची आठवण प्रत्येक पिढीला ताजी. त्याचे उत्तर बव्हंशी ज्या रुळांवरून तो येतो त्या रुळांतच आहे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा हा मार्ग १८६० मध्ये सोलापूरला पोहोचला, त्यानंतर वर्षभरातच अमेरिकेत यादवी युद्ध पेटून मुंबईच्या कापसाला परदेशात अचानक मागणी आली, आणि मराठवाडा व कर्नाटक यांच्या सीमेवरचे हे किल्ल्याचे व पेठांचे गाव कापसाची मोठी बाजारपेठ बनले. १८७७ मध्ये मुरारजी गोकुळदास यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी सुरू झाली, जिला शहर पुढे ‘जुनी मिल’ म्हणू लागले. रेल्वे, कापूस आणि गिरणी या क्रमाने वाढलेल्या शहरात माध्यमिक शाळा कोणी काढल्या, त्यांचा खर्च कोणी सोसला आणि त्यांच्या दारातून आत कोण जाऊ शकले, हा प्रश्न मनात धरून सोलापूर पाहिले, तर किल्ला आणि सिद्धेश्वर मंदिर यांच्या पलीकडचे एक वेगळेच शहर दिसू लागते.

स्थानकापासून पार्क चौकाकडे येताना रेल्वे लाइन्सचा, म्हणजे एकेकाळी साहेबी बंगल्यांचा आणि अजूनही काहीसा ऐसपैस असलेला भाग लागतो, आणि पुढे भुईकोट किल्ला, पार्क मैदान व नॉर्थकोट प्रशाला हे सगळे एकमेकांपासून पायी अंतरावर येते. ही जवळीक योगायोगाची नाही. मे १८१८ मध्ये किल्ला इंग्रजांच्या हाती आला, पेशवाईचा या भागातला शेवटचा आधार संपला, आणि लष्कर, कचेऱ्या व त्यांना लागणारी माणसे यांची वस्ती किल्ल्याच्या बाजूने व्यापारी पेठांपासून थोडी अंतर राखून वाढली. सरकारी हायस्कूल ही त्या कचेरी-संस्कृतीचीच एक शाखा होती. १८५४ च्या वुडच्या खलित्याने, म्हणजे कंपनी सरकारच्या संचालकांनी हिंदुस्थानातील शिक्षणाचे धोरण ठरवण्यासाठी पाठवलेल्या विस्तृत आदेशपत्राने, प्रांतोप्रांती शिक्षणखाते, विद्यापीठे आणि खाजगी शाळांना अनुदान या तीन गोष्टी घालून दिल्या. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८५९ मध्ये त्याची पहिली प्रवेशपरीक्षा, म्हणजेच मॅट्रिक्युलेशन, घेतली गेली, जिच्यात उत्तीर्ण झालेल्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे होते. त्या दिवसापासून मुंबई इलाख्यातील प्रत्येक हायस्कूलचे शिखर ही एकच परीक्षा ठरली. मुलाने आधी मराठी चार इयत्ता पुऱ्या करायच्या, मग ‘इंग्रजी पहिली’त जायचे आणि इंग्रजी सातवी म्हणजे मॅट्रिक, मधल्या वर्षांत बहुतेक विषय परक्या भाषेत शिकायचे, आणि एवढे करून पदरी पडणारा दाखला कचेरीतील लेखनिकाच्या जागेला पुरेसा, पण महाविद्यालयाच्या उंबऱ्याशीच थांबलेला.

शाळेच्या नावातील नॉर्थकोट म्हणजे १९०० ते १९०३ या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असलेले आणि पुढे ऑस्ट्रेलियाचे गव्हर्नर-जनरल झालेले लॉर्ड नॉर्थकोट. इंग्रज अधिकाऱ्याचे नाव शाळेला, मैदानाला आणि मग सबंध परिसरालाच चिकटावे आणि स्वातंत्र्यानंतरही ते कोणाला बदलावेसे वाटू नये, ही सोलापूरची एक खास सवय दिसते, कारण जवळच्या डफरीन चौकाचीही तीच कथा आहे. सरकारी हायस्कूल या नामकरणाच्या आधीपासून शहरात होते. १८९९ मध्ये तेथून मॅट्रिक झालेला एक विद्यार्थी म्हणजे वालचंद हिराचंद दोशी. त्यांचे घराणे मूळचे गुजरातमधील वांकानेरचे, दिगंबर जैन, सावकारी आणि कापसाच्या व्यापारात स्थिरावलेले. मुलाने शिकून पेढी सांभाळावी एवढीच अपेक्षा. वालचंदांनी पेढी सोडून रेल्वेची कंत्राटे घेतली, आणि पहिली महत्त्वाची कामे मिळाली ती बार्शी लाइट रेल्वेवर, जिचे ठाणे असलेले कुर्डुवाडी जंक्शन प्रवाशाने येताना वाटेत पाहिलेले असते. पुढे सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी, बंगलोरचा विमान कारखाना आणि मोटारींचा कारखाना हे त्यांच्या नावावर लागले. लेखनिक घडवण्यासाठी काढलेल्या शाळेतून इंग्रजी जहाज-कंपन्यांच्या मक्तेदारीला आव्हान देणारा उद्योजक निघावा, यात शाळेच्या शिकवणीचा वाटा किती आणि घराच्या व्यापारी बुद्धीचा किती, हे ठरवण्याचा मोह आवरणेच बरे.

सरकारी हायस्कूल एकच का राहिले, याचे कारण १८८२ च्या हंटर आयोगात सापडते. शिक्षणाच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी नेमलेल्या या आयोगाने अशी शिफारस केली, की माध्यमिक शिक्षणातून सरकारने हळूहळू अंग काढून घ्यावे, जिल्ह्यागणिक एक नमुनेदार सरकारी शाळा ठेवावी आणि बाकीचा विस्तार खाजगी संस्थांवर सोपवून त्यांना अनुदान द्यावे. वरवर काटकसरीची वाटणारी ही शिफारस महाराष्ट्राच्या पथ्यावर पडली, कारण पुण्यात त्याच दशकात स्वाभिमानी तरुण शिक्षकांच्या संस्था उभ्या राहत होत्या : १८८० चे न्यू इंग्लिश स्कूल, १८८३ चे नूतन मराठी विद्यालय, आणि १८८८ ची शिक्षण प्रसारक मंडळी. शिक्षकांनी अल्प वेतनावर काम करायचे, संस्था त्यांच्याच मालकीची समजायची, आणि इमारतीसाठी समाजाकडे हात पसरायचा, अशी या संस्थांची रीत होती. शिक्षकवर्ग पुण्याचा आणि पैसा व्यापाऱ्यांचा, ही जोडी सोलापुरात फार चांगली जमली.

पार्क मैदानाच्या परिसरातच, थोड्या अंतरावर असलेली हरिभाई देवकरण प्रशाला या जोडीचे ठळक उदाहरण आहे. सोलापूरकर तिला नुसते ‘हरिभाई’ म्हणतात, आणि लेखी व्यवहारात ‘ह. दे. प्रशाला’. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, म्हणजे ज्या काळात शिक्षण प्रसारक मंडळीने पुण्यात १९१६ चे महाविद्यालय काढले (आजचे सर परशुरामभाऊ महाविद्यालय) त्याच सुमारास, मंडळीने सोलापुरात हे हायस्कूल चालवायला घेतले. शाळेला ज्यांचे नाव आहे ते गांधी हरिभाई देवकरण हे गुजराती भाषक दिगंबर जैन व्यापारी घराणे. त्याच नावाने निघालेल्या जैन ग्रंथमालेत जुने संस्कृत ग्रंथ छापले गेले. एकाच पेढीचे नाव एका बाजूला आचार्यांच्या ग्रंथांच्या मुखपृष्ठावर आणि दुसऱ्या बाजूला भूमिती व इंग्रजी व्याकरण शिकवणाऱ्या शाळेच्या दर्शनी भागावर असणे, हे त्या काळच्या सोलापुरी व्यापाऱ्याच्या मनाचे चांगले दर्शन घडवते. याच समाजातील शेठ हिराचंद नेमचंद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘जैन बोधक’ हे नियतकालिक सोलापुरातून सुरू केले, आणि त्यांच्या नावाचे वाचनालय शहरात आजही आहे. धर्म, बाजार आणि आधुनिक विद्या यांच्यात भिंत नव्हती, किंवा असलीच तर तिला दार होते.

या शाळेला ‘खाजगी’ म्हणताना थोडे सावध राहावे लागते. महाराष्ट्रात खाजगी अनुदानित शाळेत इमारत, नेमणुका आणि व्यवस्थापन संस्थेचे, तर शिक्षकांचे वेतन शासनाचे, अभ्यासक्रम व परीक्षा राज्य शिक्षण मंडळाच्या, आणि दैनंदिन कारभाराचे नियम माध्यमिक शाळा संहितेचे असतात. त्यामुळे नाव शेठजींचे, संस्था पुण्याची आणि पगार सरकारचा अशा तिहेरी आधारावर शहराची खरी सार्वजनिक शाळा उभी असते. शासकीय शाळा आकाराने लहान होत गेली आणि तिचा कल तंत्रशिक्षणाकडे वळला. मध्यमवर्गीय घरांतील पिढ्या मात्र हरिभाईत शिकल्या. रेल्वेत नोकरी करणाऱ्या कुटुंबातील जब्बार पटेल येथे शिकले, डॉक्टर झाले आणि पुढे ‘घाशीराम कोतवाल’चे दिग्दर्शक व ‘सामना’, ‘सिंहासन’ या चित्रपटांचे कर्ते म्हणून ओळखले गेले. पुण्याच्या शिक्षकी परंपरेतून आलेली स्नेहसंमेलने, नाट्यस्पर्धा आणि वक्तृत्वाचे वेड यांचा अशा शाळांच्या मुलांवर झालेला परिणाम गुणपत्रिकेत शोधून सापडत नाही.

पार्क चौकातील चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी प्रवासी थांबतोच, कारण पुण्याहून येणाऱ्या ‘हुतात्मा एक्स्प्रेस’चे नावही त्यांच्यावरूनच पडले आहे. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर शहरात उठाव झाला, गोळीबार झाला, १२ मे ते ३० जून लष्करी कायदा लागू राहिला आणि गांधी टोपी घालणेसुद्धा गुन्हा ठरला; मल्लप्पा धनशेट्टी, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला फाशी देण्यात आले. या चार नावांत लिंगायत, मुस्लिम, मराठा आणि मारवाडी अशी शहराची चार घरे दिसतात. शाळांच्या इतिहासाशी याचा संबंध असा, की रस्त्यावर एकत्र आलेली ही घरे वर्गात मात्र एकत्र बसत नव्हती, किंवा फार थोडी बसत होती. हायस्कूलला फी होती. गरीब मुलाला ‘नादारी’, म्हणजे फी-माफी, मिळवण्यासाठी अर्ज, शिफारस आणि हेडमास्तरांची मर्जी लागे. खेड्यातून आलेला मुलगा वार लावून, म्हणजे आठवड्याच्या प्रत्येक दिवशी वेगळ्या घरी, जेवून शिके, आणि हे वार ज्या घरांत लागत ती घरे साधारण एकाच जातीची असत. गिरणीकामगाराच्या मुलाला इंग्रजी सातवीपर्यंत पोहोचणे दुरापास्त होते. १९४० मध्ये दयानंद महाविद्यालय निघेपर्यंत शहरात महाविद्यालयही नव्हते, त्यामुळे मॅट्रिकनंतर पुण्याचे गाडीभाडे आणि तेथील राहण्याचा खर्च परवडेल त्यालाच पुढची वाट मोकळी होती.

स्वातंत्र्यानंतर फी-सवलतींचे दार हळूहळू उघडले. १९५९ पासून आर्थिकदृष्ट्या मागासांना मिळालेली सवलत जुन्या शिक्षकांच्या बोलण्यात अजूनही ‘ई.बी.सी.’ या आद्याक्षरांनीच येते. दिवसा काम आणि रात्री शाळा हा मार्गही या शहराने पुष्कळांना दिला. सुशीलकुमार शिंदे यांनी सोलापूरच्या न्यायालयात नोकरी करत रात्रशाळेत शिक्षण घेतले आणि २००३ मध्ये ते राज्याचे मुख्यमंत्री झाले. हे उदाहरण वारंवार सांगितले जाते, तेव्हा ज्या अनेकांना रात्रशाळेतून नोकरीच्या पुढे जाता आले नाही त्यांचा विसर पडतो, हेही खरे.

किल्ल्याचा भाग सोडून ‘सात रस्ता’ चौकाच्या विरुद्ध दिशेला, सोलापूरकर ज्याला ‘पूर्वभाग’ म्हणतात तिकडे गेले, की शहराचा आवाजच बदलतो. यंत्रमागांची खडखड, रंगवलेले सूत वाळत घातलेल्या गल्ल्या, दुकानांवर मराठीशेजारी तेलुगू पाट्या. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी हातमागावर आणि पुढे यंत्रमागावर सोलापुरी चादर व टॉवेल यांना नाव मिळवून दिले. सरकारने काढलेली शाळा त्यांच्यासाठी दूर होती, व्यापाऱ्यांनी काढलेली शाळा तर त्याहूनही. म्हणून त्यांनी स्वतःची शिक्षणसंस्था स्थापन केली आणि तिच्या कुचन प्रशालेसारख्या शाळांतून विणकरांची मुले शालान्त परीक्षेला बसू लागली. मुस्लिम समाजाने अँग्लो-उर्दू हायस्कूल चालवले, वीरशैवांनी सिद्धेश्वरांच्या नावाने शाळा काढल्या, दिगंबर जैन समाजातील सुमतीबाई शहा यांनी श्राविकाश्रमाच्या माध्यमातून मुलींच्या शिक्षणाला वाहून घेतले. प्रत्येक समाजाने आपापली शाळा काढणे हे फुटीचे लक्षण मानावे असे वरवर वाटेल, पण एकाच सरकारी शाळेची जागा मर्यादित आणि फी सगळ्यांची सारखी असताना दुसरा मार्गही नव्हता. आणि या शाळा एकाच मंडळाची परीक्षा देत असल्याने शेवटी सगळ्यांची मुले एकाच गुणवत्तायादीच्या स्पर्धेत उतरली.

महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळा मराठी, उर्दू, कन्नड आणि तेलुगू अशा चार माध्यमांत चालत आल्या आहेत, आणि १९६४ मध्ये महानगरपालिका झालेल्या या शहराचा कारभार ज्या इंद्रभुवनातून चालतो ती इमारतही एका लिंगायत धनिकाने, अप्पासाहेब वारद यांनी, राहण्यासाठी बांधलेली. तेलुगू किंवा कन्नड माध्यमातून सातवी झालेल्या मुलापुढे आठवीला मराठी शाळा की इंग्रजी शाळा हा प्रश्न उभा राहतो, आणि गेल्या दोन-तीन दशकांत त्याचे उत्तर बहुधा इंग्रजीकडेच जाऊ लागले आहे. मराठी माध्यमाच्या मोठ्या शाळांनाही सेमी-इंग्रजीचे, म्हणजे गणित व विज्ञान इंग्रजीतून आणि बाकी विषय मराठीतून शिकवण्याचे, वर्ग काढावे लागले. १८५९ मध्ये मॅट्रिकच्या परीक्षेने इंग्रजीला जे स्थान दिले होते, त्याच्या जवळपास पुन्हा येण्यासाठी या शहराला दीड शतक लागले; फरक इतकाच, की आता तो आग्रह सरकारचा नसून पालकांचा आहे, आणि पूर्वभागातील मागावर काम करणारे पालक त्यात कोणाच्याही मागे नाहीत.