दिवस भरत आले म्हणजे

घरांत एखादी लेक किंवा सून दिवसांत असली, म्हणजे तिच्या भोंवतीं शहाणपणाला तोटा नसतो. सासूबाई एक सांगतात, आत्याबाई दुसरें सांगतात, शेजारच्या काकू तिसरें. आणि अलीकडे मोबाइलच्या पडद्यावरून चौथें आणि पांचवेंहि घरांत येतें. या सर्व सांगण्यामागें माया असते, याविषयीं शंका नाहीं. परंतु प्रसूतीची वेळ जवळ आली हें कशावरून ओळखावें, कोणत्या खुणेला घरीं थांबावें आणि कोणत्या खुणेला तडक निघावें, एवढें जर विचारलें, तर एकाच घरांत तीन उत्तरें मिळतात. आणि जिचें बाळंतपण असतें तिला मात्र त्यांपैकीं कोणतें खरें मानावें हें समजत नाहीं.

माझीं स्वतःचीं दोन बाळंतपणें झालीं, १९७९ सालीं आणि १९८३ सालीं. पुढें लेकीचें, सुनेचें आणि पुतणीचें अशीं तीन मीं जवळ राहून पाहिलीं. मी डॉक्टर नाहीं. तथापि या पांच वेळांत जें डोळ्यांनीं पाहिलें, जें डॉक्टरीणबाईंना पुन्हां पुन्हां विचारून समजून घेतलें, आणि नात्यांतल्या एका घरीं जें घडलें त्यामुळें जें कायमचें मनांत राहिलें, तें येथें सांगणार आहें.

प्रथम तारखेविषयीं. आपण ‘नऊ महिने नऊ दिवस’ म्हणतों. डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस मोजतात, म्हणजे त्या तारखेंत नऊ महिने आणि सात दिवस मिळवतात. हा हिशेब फ्रांझ नेगेले (१७७८-१८५१) या जर्मन प्रसूतितज्ज्ञाच्या नांवानें ओळखला जातो. आजीबाईंच्या आणि त्याच्या हिशेबांत अंतर अवघें दोन दिवसांचें! परंतु हा हिशेब नियमित पाळी येणाऱ्या बाईला लागू पडणारा. म्हणून आतां पहिल्या तीन महिन्यांतील सोनोग्राफीवरून ती तारीख पडताळून घेतात. एवढें करूनहि नेमक्या त्याच दिवशीं बाळंत होणाऱ्या बायका शंभरांत चार-पांचच असतात. सदतीस आठवडे पूर्ण झाले कीं पुढें केव्हांहि वेळ येऊं शकते. तारीख म्हणजे कांहीं मुंजीचा मुहूर्त नव्हे. ती येण्यापूर्वीं निष्काळजी राहूं नये, आणि ती टळली म्हणून घाबरूं नये. डॉक्टरांना दाखवीत मात्र राहावें. तारीख उलटल्यावर ‘झाली का सुटका?’ म्हणून रोज फोन करणाऱ्या नातेवाइकांनीं त्या मुलीवर दया करावी, एवढी एक विनंति.

चरकसंहितेच्या शारीरस्थानांत, आठव्या अध्यायांत, प्रसूति जवळ आल्याचीं लक्षणें दिलीं आहेत. अवयवांना ग्लानि येणें, चेहऱ्यावर आणि डोळ्यांत शैथिल्य दिसणें, कूस खालीं उतरणें, खालचा भाग जड होणें, जांघा, ओटीपोट, कंबर आणि पाठ दुखणें, स्राव होणें, अन्नावरची वासना उडणें, हीं तीं लक्षणें. आणि त्यांच्यामागून ‘आवी’ म्हणजे वेणा सुरू होतात व गर्भोदक वाहूं लागतें, असें तेथें सांगितलें आहे. आमच्या आईनें चरक वाचला नव्हता. पण ‘पोट उतरलें हो तुझें,’ असें ती म्हणाली तेव्हां ती तेंच सांगत होती. पहिलटकरणीचें पोट वेणांच्या दोन ते चार आठवडे आधीं उतरतें. दुसऱ्या खेपेस पुष्कळदां वेणा सुरू झाल्यावरच उतरतें. बाळाचें डोकें ओटींत बसल्यामुळें छातीवरचा भार हलका होतो, श्वास मोकळा येतो, आणि लघवीला मात्र वारंवार जावें लागतें. ही खूण पिशवी भरून ठेवण्याची आहे, निघण्याची नव्हे.

आतां वेणांकडे येतें. खरी घालमेल येथेंच होते. शेवटच्या महिन्यांत पोट मधूनमधून दगडासारखें घट्ट होतें आणि सैल पडतें. या कळांचें वर्णन जॉन ब्रॅक्सटन हिक्स या इंग्रज डॉक्टरानें १८७२ सालीं केलें, म्हणून त्यांना त्याचें नांव पडलें. आपल्या बायका त्यांना खोट्या कळा म्हणतात. त्यांना ताळतंत्र नसतें. एकदां दहा मिनिटांनीं, एकदां चाळीस मिनिटांनीं येतील. कूस बदलली, चार पावलें चाललें, पेलाभर पाणी प्यालें कीं निघून जातील. बहुधा त्या पोटाच्या पुढल्या बाजूलाच जाणवतात. खऱ्या वेणांचा स्वभाव निराळा. त्या पुष्कळदां कंबरेंतून निघून पुढें येतात, ठराविक अंतरानें येतात, तें अंतर कमी कमी होत जातें, प्रत्येक कळ आधींच्यापेक्षां लांब आणि कडक होते. आणि निजलें काय, बसलें काय, त्या थांबत नाहींत.

१९७९ सालीं मी वाईला माहेरीं होतें. रात्रीं कंबर दुखूं लागली तेव्हां शेजारच्या बाईंनीं ‘वाताचें दुखणें’ असें निदान केलें. आई कांहीं बोलली नाहीं. तिनें माझ्या धाकट्या भावाची पाटी आणि लेखणी घेतली, भिंतीवरच्या घड्याळाखालीं बसली आणि म्हणाली, “दुखायला लागलें कीं नुसतें ‘आली’ म्हण.” आईचें शिक्षण मराठी चौथीपर्यंतचें; पण कळ कशी मोजावी हें तिला पक्कें ठाऊक होतें. एक कळ सुरू झाली तेथपासून दुसरी सुरू होईपर्यंतचें अंतर धरावयाचें. मधला विसावा तेवढा धरावयाचा नाहीं. पाटीवर वीस, अठरा, पंधरा, बारा असे आंकडे उतरत गेले. मला उठवून तिनें ओसरीवर फेऱ्या घालावयास लावल्या. आंकडे उतरतच राहिले. पहांटे ते पांचावर आले, तेव्हां पाटी खालीं ठेवून ती वडिलांना म्हणाली, “टांगा आणा.” आज पाटीच्या जागीं मोबाइल आला आहे, मोजण्याची रीत तीच आहे.

सर्वसाधारण नियम असा सांगतात, कीं पहिलटकरणीला दर पांच मिनिटांनीं कळ येत असेल, ती कळ एक मिनिट टिकत असेल, आणि असें तासभर चाललें असेल, तर निघावें. परंतु हा नियम ज्यांचें रुग्णालय जवळ आहे त्यांच्यासाठीं. घाट उतरावयाचा असेल, पावसाळ्याचे दिवस असतील, तर फार आधीं निघावें. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेलाहि वाट पाहूं नये. पहिल्या खेपेस मला अठरा तास लागले, दुसऱ्या खेपेस चार. आधींचें बाळंतपण शस्त्रक्रियेनें झालें असेल, रक्तदाब असेल, जुळें असेल किंवा बाळ आडवें असेल, तर केव्हां निघावयाचें हें डॉक्टरांना आधींच विचारून ठेवावें.

रुग्णालयांत तपासून ‘अजून वेळ आहे’ म्हणून परत पाठवलें, तर त्यांत अपमान मानूं नये. गर्भाशयाचें मुख पूर्ण उघडणें म्हणजे दहा सेंटिमीटर. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१८ सालीं असें स्पष्ट केलें, कीं खरा वेग पांच सेंटिमीटरनंतर येतो. तेथून पुढें पहिलटकरणीला सहसा बारा तासांहून अधिक लागत नाहींत. त्यापूर्वींच्या काळाला मात्र असें ठरीव माप नाहीं. तेव्हां एक फेरी फुकट गेली तर गाडीचें तेल गेलें, एवढेंच!

वेणांच्या आगेंमागें चिकट स्राव जातो. त्यांत गुलाबी किंवा तपकिरी रेघ असते. गर्भाशयाच्या मुखाशीं असलेलें बूच सुटल्याची ती खूण. यानंतर कांहीं तासांनीं वेणा येतील, किंवा कांहीं दिवसहि जातील. पण पाळीसारखें लाल रक्त जाऊं लागलें, मग दुखत असो वा नसो, तर ती प्रसूतीची नेहमींची खूण समजूं नये. वार गर्भाशयाच्या मुखावर असेल किंवा सुटूं लागली असेल; तेथें घटकाहि दवडूं नये.

पाणमोट फुटणें ही खूण सिनेमांत दिसते तशी नेहमींच धो धो नसते. २०१६ सालीं आमची पुतणी बाळंतपणाला आली होती. अडतीसावा आठवडा सरला होता. पहांटे चार वाजतां तिनें मला उठवलें. “काकू, मला थांबवतां येत नाहीं असें ओलें होतें आहे, पण दुखत कांहींच नाहीं.” जाऊबाईहि उठल्या आणि म्हणाल्या, “कळा नाहींत, मग एवढी घाई कशाला? सकाळचा चहा तरी होऊं दे.” मीं पुतणीला स्वच्छ पांढरी सुती घडी घ्यावयास सांगितली, घड्याळ पाहून वेळ लिहून ठेवली, आणि पुतण्याला गाडी काढावयास सांगितली. घडीवरचें पाणी निर्मळ होतें, लघवीचा वास नव्हता. रुग्णालयांत पाणमोट फुटल्याचें सांगितलें. संध्याकाळपर्यंत वेणा आल्याच नाहींत, म्हणून त्या आणण्याचें औषध दिलें, आणि दुसऱ्या दिवशीं पहांटे मुलगी झाली.

जाऊबाईंचें म्हणणें चमत्कारिक नव्हतें. ‘आधीं कळा, मग पाणी’ हाच क्रम त्यांनीं आयुष्यभर पाहिला होता. पण दिवस भरलेल्या शंभर बायकांत सुमारें आठ जणींना पाणी आधीं जातें. एकदां ती पिशवी फुटली, कीं बाळाची वाट उघडी पडते आणि जसजसा वेळ जाईल तसतसें जंतुसंसर्गाचें भय वाढतें. म्हणून पाणी गेलें कीं वेळ आणि रंग दोन्ही पाहावें आणि कळांची वाट न पाहतां निघावें. पाणी हिरवट किंवा तपकिरी असेल, तर बाळानें पोटांतच मलत्याग केल्याची ती खूण. तेथें विलंब मुळींच नको. आणि पाण्याबरोबर नाळ खालीं आल्यासारखी वाटली, तर बाईनें गुडघ्यांवर आणि कोपरांवर ओणवें राहावें, कंबर उंच ठेवावी, आणि तत्क्षणीं रुग्णवाहिका बोलवावी.

आतां जें सांगावयाचें तें लिहितांना हात जड होतो. नात्यांतल्या एका घरीं १९९१ सालीं एका पहिलटकरणीचे दिवस भरत आले होते. एके सकाळीं ती म्हणाली, “काल रात्रीपासून बाळ फारसें हललें नाहीं.” घरांतल्या वडील बाई म्हणाल्या, “अग, आतां त्याला हलायला जागा कुठें राहिली? बाळंतपण जवळ आलें कीं बाळ असेंच शांत होतें. चांगलीच खूण आहे ही.” मुलगी दिवसभर कामांत राहिली. दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं तिला दवाखान्यांत नेलें, तेव्हां बाळाचे ठोके लागले नाहींत. पाळणा माळ्यावरून खालीं काढून पुसून ठेवलेला होता. तो तिच्या दिरानें ती परत येण्याआधीं पुन्हां माळ्यावर चढवला.

त्या वडील बाई दुष्ट नव्हत्या. सुनेसाठीं त्यांनीं स्वतः डिंकाचे लाडू वळून ठेवले होते. त्यांच्या सासूनें त्यांना जें सांगितलें, तेंच त्यांनीं पुढें सांगितलें. वेळेवर नेलें असतें तर मूल वांचलेंच असतें, असें कोणी छातीठोकपणें सांगूं शकणार नाहीं. पण वांचविण्याची जी संधि होती ती त्या एका वाक्यानें गेली. म्हणून हें वाक्य आपल्या घरांतून कायमचें घालवून द्यावें. दिवस भरत आले म्हणून बाळाची हालचाल कमी होत नाहीं. ढुशा मारण्याऐवजीं तें कूस बदलल्यासारखें वळेल, पण तें अखेरपर्यंत, वेणा चालू असतांनाहि, हलत राहतें. तें नेहमींपेक्षां कमी हलतें अशी आईला शंका आली, तर त्याच दिवशीं, रात्र असली तर रात्रींच, दाखवून यावें. ‘गोड खाऊन पाहूं’, ‘उद्यां सकाळीं पाहूं’, असें म्हणूं नये.

अशाच आणखी तीन गोष्टी. डोकें सारखें ठणकणें, डोळ्यांपुढें अंधारी किंवा ठिणग्या येणें, बरगड्यांखालीं दुखणें, चेहरा व हात एकाएकीं सुजणें, हीं वाढलेल्या रक्तदाबाचीं लक्षणें असूं शकतात. ‘पित्त झालें’ म्हणून सुंठ-साखर देत बसूं नये. ताप आणि थंडी भरली, तरी थांबूं नये. आणि सदतीस आठवडे भरण्यापूर्वीं ठराविक अंतरानें कळा आल्या, पाणी गेलें किंवा रक्त दिसलें, तर तीं अकालीं प्रसूतीचीं चिन्हें समजून लगेच निघावें.

पुरुषमंडळींनाहि यांत काम आहे. रात्रीं गाडी कोण चालवणार, कागदपत्रांची पिशवी कोठें आहे, रक्तगट कोणता, हें घरांत चौघांना ठाऊक असावें. महाराष्ट्रांत १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. हा क्रमांक आणि रुग्णालयाचा क्रमांक कालनिर्णयाच्या शेजारीं मोठ्या अक्षरांत लिहून लावावा.

डॉ. आनंदीबाई जोशी यांचें पहिलें मूल जन्मानंतर दहाच दिवसांत गेलें. त्या वेळीं त्या चौदा वर्षांच्या होत्या. पुढें १८८६ सालीं अमेरिकेंत वैद्यकाची पदवी घेतांना त्यांनीं प्रबंधाला विषय निवडला तो आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. आपल्या घरांतलें ज्ञान टाकून द्यावयाचें नाहीं, पण तें तपासल्याखेरीज पुढल्या पिढीला द्यावयाचेंहि नाहीं, एवढा धडा मीं त्यांच्या चरित्रावरून घेतला. पोट उतरल्याची खूण खरी ठरली, ती ठेवावी. ‘बाळ शांत होतें’ ही खोटी ठरली, ती टाकावी.

आणि सर्वांत महत्त्वाचें हें, कीं घरांत कितीहि अनुभवी माणसें असोत, पोटांतल्या बाळाची पहिली बातमी एकटीलाच कळते. तिनें ‘कांहीं तरी निराळें वाटतें’ म्हटलें, म्हणजे घरांतल्या वडील बाईनें आपला अनुभव क्षणभर बाजूस ठेवून ‘काय वाटतें, सांग बघूं,’ एवढें विचारावें, आणि उत्तर मिळतांच पायांत चपला घालाव्या.