पावणेदोन दिवस

२०२३च्या पावसाळ्यात माझे यजमान गेले. तेरवी आटोपली, पाहुणे पांगले, आणि मुलगा म्हणाला, "आई, आता बाबांचं कपाट उघडावं लागेल." नाचणगावच्या आमच्या घरात ते लोखंडी कपाट तीस वर्षे एकाच भिंतीला उभे आहे. त्याची किल्ली कुठे असते हे मला ठाऊक होते. पण ते उघडण्याचा प्रसंग माझ्यावर कधी आला नव्हता. पुलगावच्या दारूगोळा भांडारात कारकुनी केलेला माणूस. प्रत्येक फायलीवर चिठ्ठी, प्रत्येक चिठ्ठीवर त्यांचे ते किंचित डावीकडे कललेले अक्षर. घर. शेत. बँक. पेन्शन. विमा. आणि सर्वांत खाली एक निळी फाईल, तिच्यावर एकच शब्द: सुट्टी.

मी तीस वर्षे मराठी शिकवले. विधवांच्या आत्मकथनांवर वर्गात बोलले आहे. रमाबाई रानड्यांचे पुस्तक १९१० साली प्रसिद्ध झाले, न्यायमूर्ती गेल्यानंतर नऊ वर्षांनी. हा काळ मी विद्यार्थ्यांना 'शोकाचे स्मृतीत रूपांतर होण्याचा काळ' म्हणून समजावून सांगत असे. ते वाक्य आता मला जरा उथळ वाटते. शोक आणि स्मृती यांच्या मध्ये कार्यालये असतात, ही गोष्ट मी कधी शिकवली नव्हती, कारण मला ती माहीत नव्हती.

पहिले कार्यालय ग्रामपंचायतीचे. मृत्यूची नोंद एकवीस दिवसांच्या आत करायची असते. ती मुलाने वेळेवर केली होती. दाखला हातात आला तेव्हा प्रथम लक्ष गेले ते शब्दांकडे. मयत, वारस, हक्क, दाखला, मिळकत. शिवकाळात राज्यव्यवहारकोश झाला, फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले, हे मी दरवर्षी भाषेच्या इतिहासाच्या तासाला सांगत असे. पण साडेतीन शतकांनंतरही आमच्याकडे माणूस मरतो आणि 'मयत' होतो. या शब्दाबद्दल माझी तक्रार नाही. उलट त्या दिवसांत 'कैलासवासी'पेक्षा तोच मला प्रामाणिक वाटला. तक्रार असलीच तर ती दुसऱ्या एका अक्षराबद्दल आहे. बँकेच्या काऊंटरवरच्या मुलीने माझा अर्ज तपासला, 'सौ.'वर हळूच काट मारली आणि वर 'श्रीमती' लिहिले. ती काही बोलली नाही. मीही नाही.

घराची नोंद, शेताचा फेरफार, पेन्शन ही कामे ठरलेल्या वाटेने गेली. देवळीला तीन खेपा झाल्या, वर्ध्याला दोन. वेळ लागला, पण प्रत्येक ठिकाणी या कामाला एक रकाना होता. अडले ते निळ्या फायलीशी.

टाइमशेअर या शब्दाला मराठीत रूढ प्रतिशब्द नाही. ही कल्पना १९६०च्या दशकात युरोपात रुजली. स्वित्झर्लंडमधली हापिमाग ही संस्था १९६३ची. आपल्याकडे अशा योजना १९८०च्या दशकात येऊ लागल्या. सुट्टीचे घर एकट्याने विकत घेणे परवडत नाही, आणि घेतले तरी वर्षातले अकरा महिने ते बंद असते. म्हणून अनेकांनी मिळून पैसे भरायचे आणि प्रत्येकाने वर्षातला एक आठवडा घ्यायचा. आपल्याकडच्या बहुतेक योजनांत घराची मालकी सभासदाला मिळत नाही. ठरावीक वर्षे राहण्याचा हक्क तेवढा मिळतो, आणि त्यासाठी दरवर्षी देखभालीची रक्कम भरावी लागते, मग तुम्ही जा अथवा जाऊ नका.

२००४ साली नागपूरला एका लग्नाला गेलो असता यांना कुणीतरी एक कूपन भरायला दिले. आठ दिवसांनी फोन आला की बक्षीस लागले आहे, दोघांनी येऊन घेऊन जावे. बक्षीस म्हणजे काचेच्या सहा वाट्या. त्या घेण्यासाठी हॉटेलच्या थंडगार दालनात तीन तास बसावे लागले. समोरच्या तरुणाने हिमालय दाखवला, समुद्र दाखवला, आणि विचारले, "सर, गेल्या दहा वर्षांत मॅडमना तुम्ही कुठे नेलं?" हे गप्प झाले. मग खिशातून पेन काढले. पंचवीस वर्षांचे सभासदत्व, वर्षाला सात दिवस, मुदत २०२९पर्यंत.

त्यांच्या हयातीतल्या एकोणीस वर्षांत आम्ही चार आठवडे वापरले. महाबळेश्वर, गोवा, उटी आणि पुन्हा एकदा महाबळेश्वर. बाकीच्या वर्षी काही ना काही आडवे आले. एप्रिल-मेमध्ये माझे पेपर तपासणे, जूनमध्ये पेरणी, मुलीची बारावी, सासूबाईंचा मोडलेला खुबा, मग कोरोना. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर हे दर जानेवारीत एक आठवडा पेन्सिलीने आखून ठेवत. पेन्सिलीनेच, कारण खोडावा लागे. देखभालीची रक्कम मात्र एकही वर्ष चुकली नाही. सगळ्या पावत्या क्रमाने लावलेल्या होत्या.

कंपनीचे नाव मी लिहीत नाही. तिने फसवले असेही म्हणता येणार नाही. जे कागदावर होते तेच ती मागत होती. मृत्यूचा दाखला, सर्व वारसांचे नाहरकत पत्र, मुद्रांकावर हमीपत्र, चालू वर्षाची देखभाल, हस्तांतराचे शुल्क, आणि नामनिर्देशित व्यक्तीची सही. मी म्हटले, ती मीच. फोनवरचा मुलगा क्षणभर थांबून म्हणाला, "मॅडम, इथे वेगळं नाव आहे."

ते नाव माझ्या सासूबाईंचे होते.

हे वाचून आपल्याला काय वाटेल ते मला कळते, कारण मलाही तेच वाटले. दोन दिवस मी कुणाशी नीट बोलले नाही. मुळात जी सुट्टी त्यांनी माझ्यासाठी विकत घेतली, तिच्या फॉर्मवर माझे नाव नसावे! नोकरीत लागताना आईचे नाव लिहिण्याची जी सवय झाली ती तशीच राहिली असेल; त्या दालनात घाई झाली असेल; 'नामनिर्देशित' म्हणजे काय हे त्यांनी विचारलेच नसेल. ज्याला विचारायचे तोच नाही, तेव्हा तर्काला अंत नसतो.

वर्ध्याच्या वकीलसाहेबांनी मला शांतपणे समजावले. १९८३ साली एका विमा पॉलिसीच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते की, नामनिर्देशित व्यक्ती ही पैसे स्वीकारणारा हात असते, मालक वारसच. (विमा कायद्यात २०१५ साली जवळच्या नातलगांसाठी वेगळी तरतूद झाली, ती गोष्ट निराळी.) पुढे शेअर्सबाबत मुंबई उच्च न्यायालयात उलटसुलट निकाल झाले आणि तो प्रश्न पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेला. आमची कागदपत्रे चालू असतानाच, १४ डिसेंबर २०२३ रोजी, त्याचा निकाल लागला: शेअर्स आणि म्युच्युअल फंड यांतही नामनिर्देशनाने मालकी मिळत नाही. तो खटला कुणाच्या मिळकतीचा होता हे ऐकून मी चमकले. कालनिर्णयकार जयंतराव साळगावकरांच्या. १९७३पासून मराठी घरांना दिवस मोजून देणारा माणूस २०१३ साली गेला, आणि त्याच्यामागे कुणाचे नाव कोणत्या रकान्यात होते याचा उलगडा व्हायला दहा वर्षे लागली. आमच्या पेन्सिलीच्या खुणा त्यांच्याच पानांवर होत्या.

नामनिर्देशित म्हणजे विश्वस्त, असे वकीलसाहेब म्हणाले. ज्या जिल्ह्यात सेवाग्राम आहे तिथल्या माणसाला हा शब्द नवा नाही. मालकाने स्वतःला विश्वस्त समजावे, असे गांधीजी सांगत. आम्ही ते भाषणांत ऐकले, निबंधांत लिहिले आणि सातबारा मात्र जपून ठेवला. आता कायदाच मला सांगत होता की सासूबाई केवळ विश्वस्त आहेत. मला हायसे वाटले, आणि त्या हायसे वाटण्याची लाजही वाटली.

पण गंमत पुढेच आहे. १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे, मृत्युपत्र नसेल तर पुरुषाच्या स्वकष्टार्जित संपत्तीचे पहिल्या वर्गातले वारस म्हणजे पत्नी, मुलगे, मुली आणि आई. आई! लोक तिला विसरतात. पत्नी, मुलगा, मुलगी, आई: चार समान वाटे. मुलीने गणित करून सांगितले, "आई, सात दिवसांचे चार वारस. प्रत्येकाला वर्षाला पावणेदोन दिवस." तेरवीनंतर त्या घरात पहिल्यांदा कुणी हसले असेल तर ते तेव्हा.

शिवाय हा वाटा मिळाला असे न्यायालयाकडून लिहूनही घेता येईना. १९२५च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याखाली जे प्रमाणपत्र मिळते ते येणे रकमा आणि रोखे यांच्यापुरते. वकीलसाहेबांनी फाईल दोनदा चाळली आणि म्हणाले, "बाई, हे घर नाही, येणं नाही, रोखाही नाही. हा नुसता करार आहे." म्हणून चौघांच्या सह्यांवरच भागवायचे ठरले.

सासूबाई अठ्ठ्याऐंशीच्या. खाटेवर बसलेल्या. मी कागद घेऊन गेले आणि समजावू लागले की, यांनी तुमचे नाव लिहून ठेवले होते. त्या बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "तिथं काय हाय वं?" मी सांगितले, डोंगर आहे, खोलीला सज्जा आहे, सकाळी धुके येते. त्यांनी विचारले, "दर साली जाता येत होतं?" मी हो म्हटले. "पैसे भरले होते?" भरले होते. "मंग तुम्ही गेले काऊन नाही?"

या प्रश्नाला मी सबबी देऊ लागले. पेपर, पेरणी, बारावी. खुब्यापाशी येऊन थांबले. त्यांनाही ते कळले असावे. त्यांनी अंगठा पुढे केला. मी तो शाईला लावला, कागदावर टेकवला आणि ओल्या फडक्याने पुसून दिला. तो हात माझ्या हातात असताना दोन दिवसांचा माझा राग कुठे गेला ते मला सांगता येणार नाही. ती बाई नामनिर्देशित नव्हती, विश्वस्तही नव्हती. तिचा मुलगा गेला होता.

राहिली मुलगी. शेताच्या फेरफाराच्या वेळी गावातल्या एका अनुभवी गृहस्थांनी सुचवले होते, "पोरीचं हक्कसोडपत्र करून घ्या, पुढचं सोपं होते." मी तो मसुदा टंकून घेतला होता. हे मला लिहायलाच हवे. स्त्रीच्या हक्कांवर व्याख्याने देणाऱ्या बाईने आपल्याच मुलीचा हक्क सोडवून घेणारा कागद टंकून घेतला, आणि तिला त्यात काही वावगे वाटले नाही. १९९६ साली, माझे वडील गेल्यावर, मीही असाच कागद सही करून भावांना दिला होता. मला साडीचोळी मिळाली. कायद्याने वडिलांच्या मिळकतीत मुलीला १९५६पासून वाटा होता, १९९४ साली महाराष्ट्राने आणि २००५ साली केंद्राने वडिलोपार्जित मिळकतीतही तो दिला. पण माहेर तुटू नये म्हणून सही करायची असते, हे कुठल्याही कलमाशिवाय आम्हांला पाठ होते.

मुलीने मसुदा वाचला, पेन उघडले आणि विचारले, "आई, तू मामांना सही दिलीस तेव्हा तुला काय वाटलं होतं?" तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिला खरेच जाणून घ्यायचे होते. मला आठवले, परतीच्या एसटीत मी ती साडी मांडीवर धरून बसले होते आणि यवतमाळ मागे पडेपर्यंत खिडकीबाहेर पाहिले नव्हते. मी तो कागद तिच्या हातातून काढून घेतला. शेताच्या नोंदीत आज चारही नावे आहेत. कामे थोडी अवघड होतात. होऊ देत.

त्या रात्री मी १९३७च्या कायद्याविषयी पुन्हा वाचले. डॉ. गो. वि. देशमुखांनी आणलेला म्हणून तो देशमुख कायदा. त्याने हिंदू विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत प्रथमच असा वाटा दिला, पण मर्यादित: हयातीपुरता उपभोग घ्यावा, सहसा विकू नये, तिच्या पश्चात तो नवऱ्याच्या वारसांकडे जावा. १९५६ साली ही मर्यादा गेली आणि विधवा पूर्ण मालक झाली. म्हणजे एकोणीस वर्षे कायद्याने विधवेला दिले ते एक प्रकारचे टाइमशेअरच होते: राहा, पण हे तुझे नव्हे. त्या स्त्रियांनी मात्र आपल्याला मिळाले ते दिवस बहुधा पुरेपूर वापरले असतील. आमच्याजवळ हक्काचे आठवडे होते, भरलेल्या पावत्या होत्या, आणि आम्ही ते खोडत राहिलो.

सभासदत्व आता माझ्या नावावर आहे, २०२९पर्यंत. नव्या फॉर्मवर नामनिर्देशिताचा रकाना होता. मी लगेच भरला नाही. दोन्ही मुलांना बोलावले, कपाट उघडले, कुठल्या फायलीत काय आहे ते दाखवले, आणि मग दोघांची नावे निम्म्या-निम्म्या वाट्याने लिहिली. का लिहिली तेही सांगितले. ज्यांच्या घरी असे एखादे कपाट आहे आणि ते उघडणारी दोन्ही माणसे अजून आहेत, त्यांनी ते एकदा मिळून उघडावे, एवढेच सुचवावेसे वाटते.

आणि हो, यंदाच्या कालनिर्णयवर मीही एक आठवडा आखला आहे. शाईने.