लसावि आणि वचनविचार

मराठीच्या अध्यापकाने गणितातल्या लसाविवर लिहावे, हे काहींना अनाठायी वाटेल. परंतु ‘लघुतम सामाईक विभाज्य’ या संज्ञेतला मधला शब्द आपल्या व्यवहारातलाच आहे. सामाईक विहीर, सामाईक बांध, सातबाऱ्यावरचे सामाईक खाते. ज्यावर दोघांचाही हक्क आहे आणि जे कोणा एकट्याचे नाही, ते सामाईक. गणिताने हा शब्द स्वीकारताना त्याचा अर्थ प्रामाणिकपणे जपला आहे, असे धारणीत मराठी शिकवताना मला वारंवार जाणवते.

कृती सहावीच्या पुस्तकातली आहे. १२ म्हणजे २ × २ × ३ आणि १८ म्हणजे २ × ३ × ३. दोहोंत समान असलेले २ आणि ३ एकदाच घ्यायचे. मग १२ मधला उरलेला २ आणि १८ मधला उरलेला ३ हेही घ्यायचे. गुणाकार ३६. समान अवयवांची पुनरुक्ती करायची नाही आणि वेगळा अवयव, कोणाचाही असो, गाळायचा नाही, एवढाच हा नियम.

नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ हा ग्रंथ रचला. त्यात लसाविला ‘निरुद्ध’ अशी संज्ञा आहे आणि तिचे प्रयोजन अपूर्णांकांच्या बेरजेचे आहे. १/१२ आणि १/१८ यांची बेरीज छेद वेगळे असेपर्यंत करता येत नाही. छेद ३६ केला की पहिला अपूर्णांक ३/३६ होतो, दुसरा २/३६, आणि बेरीज ५/३६ येते. रूप दोघांचेही बदलते. मूल्य मात्र कोणाचेच बदलत नाही.

माझ्या वर्गात कोरकू घरांतून आलेली मुले असतात. एकदा वचनविचार शिकवताना एकवचन आणि अनेकवचन सांगून झाल्यावर मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, दोघांचं वचन कोणतं?” मराठीत द्विवचन नाही. संस्कृतात ते होते, प्राकृतातच लोपले. कोरकूत मात्र ते आजही नांदते आहे. कोरकूला मराठीची बोली समजणारे सुशिक्षित आपल्याकडे कमी नाहीत. वस्तुतः ती ऑस्ट्रो-आशियाई कुळाच्या मुंडा शाखेतली स्वतंत्र भाषा आहे. उलट, ऐकणाऱ्याला सामावून घेणारे ‘आपण’ आणि त्याला वगळणारे ‘आम्ही’ हा मराठीतला भेद कोरकूतही आहे. इथल्या बाजारात चालणाऱ्या हिंदीत तो ‘हम’मध्ये विरून जातो. म्हणजे सर्वनामांच्या या एका प्रकरणात एक अवयव दोन्ही भाषांना समान आहे आणि एक केवळ कोरकूचा.

६ आणि १८ यांचा लसावि १८ च येतो. तिथे मोठ्या संख्येला जागचे हलावेही लागत नाही, लहान संख्येनेच तिप्पट व्हायचे असते. आपली भाषाशिक्षणाची व्यवस्था सगळी उदाहरणे याच जातीची धरून चालते. कोरकू मूल मराठीपर्यंत आले की काम झाले. मराठीने कशाने गुणले जावे, हा प्रश्न तिच्या मनात येत नाही. द्विवचनाच्या त्या प्रश्नाने हे गृहीतक तपासायला लावले. कोरकूतला एक अवयव मराठीत नसेल, तर मराठी हा त्या दोघींचा सामाईक विभाज्य ठरत नाही, ती आकाराने कितीही मोठी असो.

तेव्हापासून वचनविचाराच्या तासाला फळ्यावर तीन रकाने असतात. मधला, दोघांचा, मुले सांगतात आणि मी लिहितो. मग ‘आम्ही दोघे’, ‘आपण दोघे’ अशी मराठी रूपे त्याच्याशेजारी मांडून पाहतो. जे कोरकू एका शब्दात सांगते, त्यासाठी मराठीला एक शब्द जोडावा लागतो, पण अर्थ पोचतो. परीक्षेत वचने दोनच विचारतात आणि मधल्या रकान्याला गुण नाहीत. तरीही तो आम्ही भरतो, कारण तो भरताना जी मुले बोलतात, त्यांतली काही एरवी वर्षभर हजेरीपुरतीच बोललेली असतात.