सुकतीचं वेळापत्रक

किनाऱ्यावरच्या सफरीसाठी पुण्या-मुंबईहून येणाऱ्या फोनवर पहिला प्रश्न ठरलेला असतो. "शनिवारी नाश्ता वगैरे उरकून दहाला निघालो तर चालेल ना?" मी भिंतीवरच्या कालनिर्णयकडे बघतो आणि बहुतेक वेळा नाही म्हणतो. शनिवारी अष्टमी असली तर सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी, लागणार दुपारी बाराला, ऐन उन्हात, आणि तीही भांगाची. म्हणजे कमरेइतकं पाणी जेमतेम गुडघ्यावर येणार आणि परत फिरणार. पाहुण्यांना समुद्र चोवीस तास उघडा वाटतो. तिसरे, म्हणजे रेतीतले शिंपले, काढायला तो पंधरवड्यातले चार-पाच दिवसच उघडतो, आणि त्या दिवसांतही दोन-अडीच तास.

हिशेब सोपा आहे. शाळेत न गेलेल्या माणसालाही तो कोकणात तोंडपाठ असतो. तिथीला तिनाने गुणायचं आणि चाराने भागायचं, की भरती पूर्ण भरण्याची वेळ मिळते. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमेला सव्वाअकरा. त्यात सहा तास मिळवले की सुकती. खाडीत जितकं आत जावं तितकी ही वेळ लांबते, तो अंदाज जागेवर राहूनच येतो. सर्वांत मोठं उधाण अमावास्या-पौर्णिमेच्या दिवशी येत नाही, त्यानंतर एक-दोन दिवसांनी येतं. मुंबईला उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटीच्या पाण्यात साडेचार मीटरच्या आसपास फरक पडतो. आमच्याकडे मालवण-वेंगुर्ल्याला साधारण त्याच्या निम्मा. त्यामुळे हाजीअलीला किंवा जुहूला खडक दूरवर उघडे पडतात तसे आमच्याकडे पडत नाहीत. आमचं बरंचसं धन खाडीच्या मुखाशी, रेवेवर आणि खडपात असतं.

मी मत्स्यशास्त्राचा पदवीधर. रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयात शिंपल्यांची लॅटिन नावं पाठ केली, सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची अंडी पाहिली. पण भर सुकतीत कुठे पाय टाकायचा, हे मला गावातल्या बायकांनी शिकवलं. आजही माझ्या सफरीत खऱ्या वाटाड्या त्याच असतात. मी पुढे-मागे करत समजावून सांगतो, कोणी घसरलं तर हात देतो. या धंद्यात पडू पाहणाऱ्या तरुणांनाही मी हेच सांगतो, की होडी आणि गळ नंतर घ्या, आधी गावातली सुकतीला जाणारी बाई शोधा, आणि तिची मजुरी ठरवून मगच आपल्या नफ्याचा विचार करा.

तिसरे कसे सापडतात ते जवळून बघण्यासारखं आहे. ओल्या रेतीवर शेजारी-शेजारी दोन बारीक भोकं दिसतात. रेतीत पुरलेला तिसरा एका नळीने पाणी आत घेतो, त्यातलं खाद्य गाळतो आणि दुसऱ्या नळीने पाणी बाहेर सोडतो, त्या नळ्यांची ही तोंडं. पाहुणा ती शोधत वाकून वाकून कंबर मोडून घेतो. आमच्या वाटाड्या काकी खाली बघतही नाहीत. मांडीभर पाण्यात उभं राहून गप्पा मारत पायाच्या अंगठ्याने रेती उकरतात. अंगठ्याला कडा लागली की बोटांच्या चिमटीत धरून पाय वर घेतात आणि तिसरा कमरेच्या टोपलीत पडतो. पाहुण्याच्या पायाला तेवढ्या वेळात दगड लागलेला असतो, नाहीतर रिकामी शिंपी. टोपलीत टाकण्याआधी काकी प्रत्येक तिसरा बोटाच्या पेराशी लावून बघतात. मापात न बसणारा लगेच पाण्यात. एकदा एका मुलाने विचारलं, "छोटे का टाकून देता?" काकी म्हणाल्या, "टाकूक नाय रे, ठेवलंय. पुढच्या वर्साक हयसरच गावतले."

केरळात हेच शहाणपण कागदावर उतरलं आहे. कोल्लमजवळच्या अष्टमुडी सरोवरातल्या तिसऱ्यांच्या मासेमारीला 2014 मध्ये मरीन स्टुअर्डशिप कौन्सिलचं प्रमाणपत्र मिळालं. असं प्रमाणपत्र मिळवणारी ती भारतातली पहिलीच मासेमारी. तिथे तिसरे अंडी धरतात त्या डिसेंबर ते फेब्रुवारीच्या काळात काढणी बंद असते आणि जाळ्याची आस किती बारीक असावी यालाही मर्यादा आहे. हे नियम बसवण्यामागे कोचीच्या केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेचा अभ्यास आहे. आमच्या खाड्यांत असा कोणताही फलक नाही. आहेत ती काकींच्या बोटांची पेरं. आणि नेमक्या डिसेंबरातच नाताळची सुटी लागते, हॉटेलं भरतात आणि फोन वाजू लागतात. म्हणून या तीन महिन्यांत मी पाहुण्यांना तिसरे काढू देत नाही. दाखवतो, हातात देतो, परत ठेवायला लावतो. खायचे असतील तर बाजारात बसलेल्या बाईकडून विकत घ्या म्हणतो. काहींना हे रुचत नाही. पैसे भरलेत तर दोन किलो तरी न्यायला मिळायला हवेत, असा त्यांचा रास्त वाटणारा हिशेब असतो. पण वीस हौशी माणसांनी प्रत्येकी दोन किलो उचलले तर त्या रेवेवर रोज येणारी बाई दुसऱ्या दिवशी काय उचलणार?

कालवं हा वेगळा प्रकार. ती खडकाला सिमेंट लावल्यागत चिकटलेली असतात. कोयतीच्या टोकाने वरची शिंपी उडवायची, आतला गर अलगद उचलून डब्यात टाकायचा. खालची शिंपी खडकावरच राहते. सकाळभर बसलं तरी डबा अर्धाच भरतो. बाजारात कालवांचा भाव ऐकून नाक मुरडणाऱ्या प्रत्येकाला मी दहा मिनिटं खडपात बसवतो. मग सहसा घासाघीस होत नाही. मात्र पायात बूट हवेतच. कालवाची धार पात्यासारखी कापते आणि खाऱ्या पाण्यातली जखम चिघळायला वेळ लागत नाही.

सुरक्षिततेचं बोलतोच आहे तर वागळीचं सांगितलं पाहिजे. पाकट जातीचा हा चपटा मासा उथळ पाण्यात रेतीखाली पडून असतो आणि त्याच्यावर पाय पडला तर शेपटीचा काटा मारतो. काकींचा पहिला धडा हाच असतो : "पाय उचलू नको रे बाबा, घसटत चल. वागळी आसली तर आपसूक सरकतली." माझ्या पिशवीत नेहमी गरम पाण्याचा थर्मास असतो. चहा समजून लोक मागतात. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवायचा, अर्धा तास, तासभर. त्या विषातली प्रथिनं उष्णतेने मोडतात आणि ठणका उतरतो. बर्फाने तो उतरत नाही. त्यानंतर डॉक्टरकडे जायचंच, कारण काट्याचा तुकडा आत राहू शकतो. सुंदर नक्षीचा, शंकूच्या आकाराचा शंख दिसला तर हातात घ्यायचा नाही. आत जिवंत गोगलगाय असेल तर ती विषारी दात मारते. आणि गळाला लागून फुग्यासारखा फुगलेला केंड मासा कितीही गमतीशीर दिसला तरी तो स्वयंपाकघरात न्यायचा नाही. त्याचं विष शिजवून जात नाही.

शिंपल्यांच्या बाबतीत अधिक काळजी घ्यावी लागते, कारण तिथे दोष डोळ्यांना दिसत नाही. शिंपला पाणी गाळून जगतो. पाण्यात जे असेल ते त्याच्या पोटात साठतं. सप्टेंबर 1997 मध्ये केरळातल्या विळिंजम भागात शिनाणे खाल्ल्यामुळे सात जणांचा जीव गेला आणि शेकडो लोकांना रुग्णालयात दाखल करावं लागलं. पाण्यात वाढलेल्या सूक्ष्म शैवालाचं विष त्यांत साठलं होतं. तेही उकळून नष्ट होत नाही. म्हणून पाण्याचा रंग बदललेला दिसला, लाल, तपकिरी किंवा गडद हिरवा पट्टा आलेला दिसला, तर त्या दिवशी मी शिंपल्यांना हात लावू देत नाही, मग पाहुणा कितीही लांबून आलेला असो. मुंबईच्या नाल्यांच्या तोंडाशी काढलेले शिंपले मी स्वतः खात नाही. मुंबईत किनारा बघायचा तर 'मरीन लाइफ ऑफ मुंबई'ची मंडळी 2017 पासून ज्या फेऱ्या काढतात त्या उत्तम. तिथे काही उचलायचं नसतंच. गिरगाव चौपाटीच्या टोकाला शहराच्या पाठीशी इतकं जिवंत काही आहे यावर आधी कोणाचा विश्वास बसत नाही.

न उचलण्याची यादी आमच्याकडेही आहे. पोवळी, समुद्रपंखे, समुद्रघोडे यांना 1972 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. लाटेने आणून टाकलेला पोवळ्याचा तुकडासुद्धा खिशात घालायचा नाही. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं पाणी 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, तिथे तर हा प्रश्नच येत नाही. रिकामा दिसणारा शंख उलटा करून बघावा. बहुधा आत एक लहानसा खेकडा भाडेकरू म्हणून राहत असतो.

फोटोसाठी सगळ्यांना हवा असतो तो पाग. फेकल्यावर पाण्यावर गोल पडणारं हे जाळं बघायला देखणं, फेकायला अवघड. दोरी मनगटाला, जाळ्याचा एक पदर कोपरावर, काठाला शिशाच्या गोळ्या, त्यातला थोडा काठ दातांत, बाकीचा दोन्ही हातांत वाटून घ्यायचा. मग कमरेतून वळून सोडायचा आणि त्याच क्षणी दात उघडायचे. दात उघडायला उशीर झाला तर काय होतं ते मी पाहिलं आहे. म्हणून नवख्यांना दातांचा भाग शिकवतच नाही. शिवाय शिसं तोंडात धरायची गोष्ट नव्हे. खरी विद्या फेकण्यात नसून थांबण्यात आहे. पागवाला खाडीच्या काठाने वाकून चालत राहतो, पाण्यावर बोय माशांची थरथर दिसेपर्यंत हात हलवत नाही. पाहुणा तेवढ्या वेळात दहा वेळा पाग टाकून दमलेला असतो. मुडदुशी मिळाली तर नशीब.

रापणीला जायचं तर पहाटे उठावं लागतं. होडीतून जाळं अर्धवर्तुळात सोडत नेतात आणि किनाऱ्यावरून दोन्ही टोकांचे दोर ओढतात. पूर्वी या ओढण्याला आख्खा वाडा लागायचा, आणि जो दोराला हात लावील त्याला मासळीत काही ना काही मिळायचं. आजही पाहुण्याने मनापासून ओढलं तर त्याच्या हातावर चार बांगडे पडतात. पण रापण आता पूर्वीसारखी भरत नाही. पर्ससीन जाळ्यांविरुद्ध रापणकरांनी वर्षानुवर्षं भांडण मांडलं, डॉ. सोमवंशी समितीचा अहवाल आला, आणि फेब्रुवारी 2016 मध्ये राज्य सरकारने पर्ससीनवर निर्बंध घातले. अंमलबजावणी हा वेगळाच विषय. रिकाम्यासारखं येणारं जाळं बघून पाहुणे हिरमुसतात. मला वाटतं त्यांनी ते बघावंच. भरलेल्या जाळ्याचे व्हिडिओ मोबाइलवर हवे तितके आहेत.

आता पैशांचं. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका स्वतः होडी वल्हवत कांदळवनाची सफर घडवतात. झाडं त्या दाखवतात, माहिती त्या सांगतात आणि पैसेही त्यांच्याच हातात जातात. मला हा नमुना सर्वांत पटतो. उलट काही ठिकाणी सफरीची जाहिरात शहरातून होते, दर हजारांत असतो, आणि ज्या कोळणीच्या टोपलीत हात घालून पाहुणे फोटो काढतात तिला दोन पेंडक्या मासळीचे पैसे मिळतात. म्हणून नोंदणी करताना मेनू विचारण्याआधी वाटाड्याला किती मिळतात ते विचारावं. उत्तर द्यायला समोरचा अडखळला की समजायचं.

सफरीचा शेवट आमच्या अंगणात होतो. तिसरे आधी दोन-तीन तास खाऱ्या पाण्यात ठेवून रेती ओकू देतात. मग काकी आडाळ्यावर बसतात. पात्यावर शिंपीचा सांधा टेकवून दाबायचं, आतलं पाणी भांड्यात धरायचं, गर एका शिंपीत गोळा करायचा आणि दुसरी शिंपी फेकून द्यायची. हे एकशिपी. ते पाणी टाकणाऱ्या माणसाला काकी जेवायला वाढतात खरं, पण त्याच्याशी फारसं बोलत नाहीत. शहरातल्या बायका शिंपले फ्रीझरमध्ये ठेवून उघडतात, हे ऐकल्यावर त्यांनी "बरा आसा, हात कापणा नाय" एवढंच म्हटलं आणि आडाळ्यावरून उठल्या नाहीत.

मे संपत आला की फोनचा सूर बदलतो. पहिल्या पावसात चढणीचे मासे पकडायला नेणार का, असं लोक विचारतात. रात्री बॅटरी घेऊन ओहळात उतरायचं, हातात कोयता, अंगावर पाऊस. त्यात थरार आहे हे मीही नाकारत नाही, लहानपणी मीही गेलो आहे. पण ते मासे पोटात गाभोळी घेऊन शेताकडे निघालेले असतात, अंडी घालायला. त्याच सुमारास, 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत, यांत्रिक नौकांना समुद्रात जायला बंदी असते, तीही याच कारणासाठी. बंदरात नांगरून ठेवलेल्या ट्रॉलरसमोरून पाहुण्यांना गाभोळीचे मासे मारायला घेऊन जायचं हे मला जमत नाही. त्यांना मी नारळी पौर्णिमा होऊ दे, खाडीचं गढूळ पाणी निवळू दे, असं सांगतो. तोवर कुळथाची पिठी आणि भाजलेला सुका बांगडा आहे, जेवायला केव्हाही या.